आतिथ्याचा पाठलाग

अध्यक्षमहोदय, पाळकसाहेब आणि बंधुभगिनींनो,

अनोळखी माणसाशी जाणूनबुजून दयेने वागणे हा ख्रिस्ती विश्वासाचा भाग आहे काय, असा आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आहे. त्याचे उत्तर 'होय' असे एका शब्दात देऊन मी खाली बसलो, तरी आपल्यापैकी कोणाची हरकत असणार नाही, आणि काहींना तर मनापासून आनंदच होईल. माझी अडचण नेमकी हीच आहे, कारण ज्या गोष्टीला सगळेच मान डोलावतात तिच्याविषयी बोलताना श्रोते पहिल्या वाक्यालाच सहमत होतात आणि मनाने घरी निघून जातात. म्हणून मी विषयातला 'जाणूनबुजून' हा एकच शब्द धरून बसणार आहे. मराठीत हा शब्द बहुतेक वेळा आगळिकीलाच चिकटून येतो. माणूस जाणूनबुजून दुर्लक्ष करतो, जाणूनबुजून अपमान करतो, आणि चांगुलपणा मात्र त्याच्या हातून 'सहज' घडतो. सहज घडला तोच चांगुलपणा खरा, ही आपली समजूत इतकी पक्की आहे की ठरवून चांगले वागणाऱ्या माणसाकडे आपण थोडे संशयानेच पाहतो. पवित्र शास्त्राला ही समजूत मान्य नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 12 व्या अध्यायातील 13 वे वचन आपण मराठीत 'आतिथ्य करण्यात तत्पर असा' अशा धर्तीवर वाचतो. 'तत्पर' हा शब्द सभ्य आहे, पण मूळ ग्रीक क्रियापद इतके सभ्य नाही. ते 'दिओको' असे आहे आणि त्याचा अर्थ पाठलाग करणे, मागे लागणे असा होतो. लगेच पुढच्या, 14 व्या वचनात छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्या असे सांगताना पौलाने छळासाठीही हेच क्रियापद योजले आहे. म्हणजे छळणारा जसा हात धुऊन माणसाच्या मागे लागतो, तसे तुम्ही आतिथ्याच्या मागे लागा, असा त्या दोन ओळींचा एकत्रित नाद आहे. आणि हे लिहिणारा गृहस्थ स्वतः एके काळी प्रभूच्या शिष्यांना पकडण्यासाठी दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेला लागला होता, त्यामुळे पाठलाग म्हणजे काय हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. 'आतिथ्य' या शब्दासाठी तेथे 'फिलोक्सेनिया' आहे, म्हणजे परक्यावरील प्रेम. आपला 'पाहुणा' बहुधा नात्यातला असतो आणि येण्यापूर्वी कळवतो. परक्याचे तसे नसते, आणि म्हणूनच त्याच्यासाठी तयारी आधी करावी लागते.

अब्राहामाचे पाहा. उत्पत्तीच्या 18 व्या अध्यायात तो भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दाराशी बसला आहे आणि समोर तीन पुरुष उभे दिसतात. हा मनुष्य त्यांना भेटायला धावतो, मग लगबगीने पत्नी सारा हिच्याकडे तंबूत जातो, मग गुरांकडे धावतो. आदल्याच अध्यायात त्याचे वय 99 वर्षे सांगितले आहे, आणि त्याच वयात झालेल्या त्याच्या सुंतेचे वर्णनही तेथेच आहे, त्यामुळे या धावाधावीकडे वैद्यकीय दृष्टीनेही कौतुकाने पाहावे लागेल. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात नकळत देवदूतांचा पाहुणचार करणाऱ्यांचा उल्लेख आहे, तेव्हा लेखकाच्या मनात हाच प्रसंग असावा. पण अब्राहाम धावला तेव्हा हे देवदूत आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. देवदूत आहेत असे कळल्यावर कोण धावणार नाही?

आता मी एक जुनी तक्रार सांगतो, आणि ज्यांनी ती माझ्या तोंडून पूर्वी ऐकली आहे त्यांनी प्रीतीने सहन करावे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रवासात माझी पुढची गाडी चुकली आणि एका अनोळखी गावात रविवारची सकाळ काढण्याची वेळ आली. हातात भली मोठी बॅग होती. जवळच मंदिर दिसले, उपासना सुरू होण्याच्या बेतात होती, म्हणून मी आत जाऊन मागच्या एका बाकावर बसलो. दोन मिनिटांनी एक वयस्कर बाई बाकाच्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या, आणि माझ्याकडे न पाहता, जणू बाकालाच उद्देशून, "ही आमची जागा आहे" असे म्हणाल्या. मी बॅगेसह उठलो. दुसऱ्या बाकावर गेलो तर तेथे गीतांचे पुस्तक नव्हते, आणि शेजारच्या गृहस्थांनी आपले पुस्तक किंचित स्वतःकडे वळवून धरले; त्यांना जवळचे दिसत नसेल, असा मी त्यांच्या वतीने खुलासा करून घेतला. मग एकमेकांना शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली. लोक उठले, हसले, हात मिळवू लागले, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या रांगेतल्यांपर्यंत हात पोहोचवण्यात त्यांनी जे कौशल्य दाखवले ते विसरण्यासारखे नाही. एकाने माझाही हात हातात घेतला, पण त्याचे डोळे तिसऱ्या रांगेतल्या कोणालातरी शोधत होते. त्या दिवशीचा उपदेश कशावर होता, हे आपण ओळखले असेलच. प्रभू म्हणतो, मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले. उपदेश उत्तम झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आले, काहीसे वेगळ्या कारणाने.

उपासना संपल्यावर मी बाहेर पायरीपाशी उभा होतो. तेव्हा आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा सरळ माझ्यापुढे येऊन म्हणाला, "तुमची बॅग एवढी मोठी का आहे? तुम्ही कुठे निघालात?" दीड तासात मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तोच त्याच्या आईने त्याला दंडाला धरून मागे ओढले आणि माझ्याकडे अपराधी हसून पाहत त्याला म्हणाली, "काकांना त्रास देऊ नकोस."

या वाक्यावर मी कित्येक वर्षे विचार केला आहे. ती बाई दुष्ट नव्हती. बाकावरच्या वयस्कर बाईही नसतील. त्यांच्या घरातले गेलेले माणूस त्या जागेवर त्यांच्याशेजारी बसत असेल, कोण जाणे. परक्याला त्रास न देणे म्हणजेच त्याच्याशी चांगले वागणे, अशी त्या आईची मनोमन खात्री होती, आणि माझे म्हणणे असे आहे की आपल्या मंडळ्यांत परक्याच्या वाट्याला येणारा एकटेपणा द्वेषातून क्वचितच येतो. तो या शिष्टाचारातून येतो. हे मी उच्चासनावरून बोलत नाही. घरी परतल्यावर पुढच्याच रविवारी मी आमच्या मंदिराच्या पायरीवर वडीलमंडळींशी गळक्या छपराविषयी तावातावाने बोलत होतो, आणि एक अनोळखी जोडपे आमच्याजवळून वाट काढत निघून गेले. त्यांची पाठ दिसली तेव्हा मला माझी बॅग आठवली. ते जोडपे पुन्हा आले नाही.

आता लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोन्याकडे वळतो, म्हणजे लुटारूंनी वाटेत जखमी करून टाकलेल्या माणसाला मदत करणाऱ्या, शोमरोन प्रांतातल्या परक्या वाटसरूकडे. अध्यक्षमहोदय घड्याळाकडे पाहत आहेत, पण या दृष्टांताशिवाय हे व्याख्यान कोणत्याही मंडळीत ग्राह्य धरले जाणार नाही. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट सुमारे 27 किलोमीटरांची, आणि त्यात उतार सुमारे 1000 मीटरांचा. लूक म्हणतो की एक याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, त्या वाटेने खाली चालला होता. मंदिराच्या सेवेसाठी शुद्ध राहायचे म्हणून त्याने जखमी माणसाला टाळले, असा त्याचा बचाव आपले उपदेशक करतात. पण खाली चालला होता याचा अर्थ यरुशलेमचे मंदिर त्याच्या पाठीमागे होते. दृष्टांतात त्याचे कोणतेच कारण दिलेले नाही, आणि ते न देण्यात प्रभूची मोठी समज दिसते, कारण कारण दिले असते तर आपण त्यावर वाद घालत बसलो असतो.

शोमरोन्याला कळवळा आला. येथे लूकने वापरलेले क्रियापद आतड्यांवरून आलेले आहे, आणि ज्या भाषेत माणसाचे दुसऱ्यासाठी आतडे तुटते त्या भाषेला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण आपला उपदेश बहुधा या कळवळ्यापाशीच थांबतो, दृष्टांत थांबत नाही. शोमरोनी त्या माणसाच्या जखमा बांधून त्याला उतारशाळेत नेतो, आणि त्यानंतरच्या वचनाची सुरुवात 'दुसऱ्या दिवशी' अशी आहे. दुसऱ्या दिवशी आतडे पुन्हा जागेवर आलेले असते, रात्रभर जागून अंग आंबलेले असते, स्वतःचा प्रवास खोळंबलेला असतो. अशा वेळी तो दोन दीनार काढतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, ती उतारशाळेच्या रक्षकाला देतो, काय करायचे ते सांगतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असा हिशेब ठरवून आपल्या वाटेने निघून जातो. कळवळा पहिल्या दिवशी आला, दीनार दुसऱ्या दिवशी निघाले, आणि आपण आज जिच्याविषयी बोलत आहोत ती जाणूनबुजून केलेली दया मला त्या दोन दीनारांत दिसते. त्याने आपला प्रवास रद्द केला नाही, हेही मला फार महत्त्वाचे वाटते, कारण सर्वस्व सोडता येत नाही म्हणून काहीच न करणारे आपण सगळे येथे बसलो आहोत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत, आणि ज्या आक्षेपांची उत्तरे देण्याचे मी कबूल केले होते ते सगळे अजून बाकी आहेत, तेव्हा आता धावतच सांगतो.

ठरवून केलेली दया म्हणजे ढोंग, हा पहिला आक्षेप. आपण प्रार्थनेची वेळ ठरवतो, उपासनेचा वार ठरवतो, दशांश ठरवतो, आणि त्याला कोणी ढोंग म्हणत नाही. मग परक्यासाठी वेळ ठरवली की तेच ढोंग कसे होते, हे मला कोणी समजावून द्यावे.

वेळ नाही, हा दुसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणाच्या 40 विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे छोटे भाषण देण्यासाठी पाठवले होते, आणि वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. ज्यांना पुरेसा वेळ होता त्यांच्यापैकी 63 टक्के थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त 10 टक्के. निम्म्यांच्या भाषणाचा विषय हाच शोमरोन्याचा दृष्टांत होता आणि त्याने लक्षणीय फरक पडला नाही. काही जण तर त्या माणसाला ओलांडून दृष्टांत सांगायला गेले. दया मनात असून भागत नाही, तिच्यासाठी दिवसात रिकामी जागा ठेवावी लागते, ही गोष्ट संत बेनेडिक्टला सहाव्या शतकातच उमगली होती. त्याच्या मठाच्या नियमावलीत 66 वा अध्याय द्वारपालाचा आहे: दाराशी एक समंजस वृद्ध नेमावा, ज्याला वयामुळे इकडेतिकडे भटकता येणार नाही, आणि कोणी दार ठोठावताच किंवा गरिबाने हाक मारताच त्याने 'देवाला धन्यवाद' असे उत्तर द्यावे. कोण आले आहे हे कळण्याच्या आधीच, हे लक्षात घ्यावे.

लोक फसवतील, हा शेवटचा आक्षेप. आदिमंडळी, म्हणजे अगदी सुरुवातीचे ख्रिस्ती लोक, भोळी नव्हती. 'दिदाखे' या अतिप्राचीन ख्रिस्ती नियमग्रंथात वाटसरूला दोन दिवस, गरज पडल्यास तीन दिवस ठेवावे, आणि त्याला तेथेच राहायचे असेल तर त्याने काम करून खावे, असे स्पष्ट लिहिले आहे. पैसे मागणारा प्रेषित तर खोटा संदेष्टा समजावा, असेही आहे, आणि हे वाक्य मी व्याख्यानाचे मानधन ठरण्यापूर्वी कधीच उद्धृत करत नाही. पण त्याच ग्रंथात प्रभूच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकाचे आधी स्वागत करावे आणि मग त्याची पारख करावी, असा क्रम सांगितला आहे. आपण पारख आधी करतो, आणि ती पूर्ण होईपर्यंत माणूस बहुधा निघून गेलेला असतो.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नाही, त्याबद्दल क्षमा मागतो. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांच्यासाठी मी बाहेर पायरीपाशी थांबणार आहे, आणि मुलांना मागे ओढू नये, ही विनंती.