पोर्ट उघडं, मेल मात्र अडकलेला

मेल सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार आहे. पिंगला उत्तर येतंय, मेलची देवाणघेवाण जिथून होते ते पोर्ट २५ उघडं आहे. आणि तरीही गेल्या चार तासांत या सर्व्हरवरून एकही मेल बाहेर गेलेला नाही.

पिंगचं उत्तर आलं, म्हणजे मशीन चालू आहे. पोर्ट उघडलं, म्हणजे पलीकडे कुणीतरी ऐकतंय. मेल जातोय का, हे या दोघांपैकी कुणीच सांगत नाही. त्यासाठी सर्व्हरशी बोलावंच लागतं.

सर्व्हर मेल पाठवताना ज्या नियमांनी बोलतात, तो एसएमटीपी १९८२ सालचा. त्याची भाषा आजही साध्या डोळ्यांनी वाचता येते. कनेक्शन जुळलं, की सर्व्हर २२० म्हणतो. आपण ईएचएलओ, म्हणजे आपला नमस्कार, पाठवायचं. मग २५० ने सुरू होणाऱ्या ओळींमध्ये तो स्वतःला काय काय जमतं ते सांगतो. त्यात स्टार्टटीएलएस, म्हणजे संभाषण कूटबद्ध करायची सोय, दिसलं पाहिजे. नसेल, तर कॉन्फिगरेशन कुणीतरी हलवलंय. शेवटी निरोपाचं क्विट, आणि सर्व्हरचं २२१.

हे क्विट अनेकजण गाळतात. त्यांचा चेक, म्हणजे आपोआप चालणारी तपासणी, नुसता पोर्ट उघडतो आणि लाइन तोडतो. मग पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये दर मिनिटाला ‘लॉस्ट कनेक्शन आफ्टर कनेक्ट’ अशी ओळ पडत राहते, आणि खरा बिघाड शोधायची वेळ येते तेव्हा या कचऱ्यातून वाट काढावी लागते.

उत्तराचा पहिला आकडाही बघायचा. ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर साफ नकार. एकदा ४२१ आला म्हणून रात्री कुणाला उठवायचं नसतं. सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या नागिओससारख्या प्रणालीत त्यासाठी फेरतपासणीची सोय आहे: ठरलेल्या वेळा सलग अपयश आलं, तरच अलर्ट.

आता पाठवायचे राहिलेले मेल जिथे थांबतात ती रांग, म्हणजे मेल क्यू. खरी गोम इथे आहे. पोस्टफिक्स मूळ सेटिंगमध्ये अडकलेला मेल ५ दिवस पुन्हापुन्हा पाठवून बघतो. उशीर होतोय असा इशारा पाठवणाऱ्याला द्यायची सोय त्यात आहे, पण ती मुळात बंद असते. म्हणजे पाठवणारा निवांत, घेणारा वाट बघतोय, आणि मेल डिस्कवर पडून.

किती मेल साठले तर धोका? सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. दिवसाला हजारो मेल पाठवणाऱ्या सर्व्हरवर ३०० ची रांग किरकोळ. छोट्या ऑफिसच्या सर्व्हरवर तेच ३०० म्हणजे बहुधा एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेलाय आणि स्पॅम सुटलाय. आधी काही आठवडे नुसती नोंद ठेवावी, मग मर्यादा ठरवावी. आणि संख्येपेक्षा रांगेतला सगळ्यात जुना मेल किती वेळ पडून आहे, हे जास्त बोलकं असतं.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या, ठरावीक मुदतीच्या सर्टिफिकेटचा चेक फाइलवर लावून भागत नाही. फाइल वेळेवर बदलते, पण मेल सेवा रीलोड झाली नाही तर ती जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहू शकते. म्हणून नेटवर्कवरून, ४६५ आणि ९९३ या सुरुवातीपासूनच कूटबद्ध असलेल्या पोर्टवर जाऊन मुदत बघायची. ५८७ वर आधी स्टार्टटीएलएस करावं लागतं.

सगळ्यात भरवशाचा चेक मात्र जरा खटाटोपाचा: बाहेरच्या सर्व्हरवरून खरा मेल पाठवायचा, आयमॅपने, म्हणजे मेलबॉक्स वाचायच्या पद्धतीने, चाचणीच्या मेलबॉक्समध्ये शोधायचा, किती सेकंद लागले ते नोंदवायचं. स्पॅम फिल्टर, डिस्क, लॉगिन, सगळं एका फेरीत तपासलं जातं. सापडलेला मेल लगेच पुसायचा. नाहीतर एके दिवशी मेलबॉक्सचा कोटा भरतो आणि सर्व्हर ठणठणीत असताना अलर्ट वाजतो.

राहिला अलर्टचा मार्ग. तो मेलने, त्याच सर्व्हरवरून जात असेल, तर बिघाडाची बातमी बिघडलेल्या रांगेतच जाऊन बसते. एसएमएस, फोन किंवा वेगळ्या नेटवर्कवरची चॅट सेवा, काहीही चालेल. फक्त ती वाट या सर्व्हरवरून जाता कामा नये.