रंबलरवर ब्रेक हलका का होतो?

[दृश्य: टोल नाक्याआधीचे रंबलर. कॅमेरा पुढच्या चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला) बांधलेला, सेकंदाला २४० फ्रेम.]

हे पुढचं चाक आहे. वेग ताशी ४० किलोमीटर. नाका समोर दिसतोय म्हणून चालवणाऱ्याने ब्रेक धरलाय आणि नेमक्या इथेच रंबलरच्या जाड पांढऱ्या पट्ट्या सुरू झाल्यात.

आता टायरच्या खाली बघा. पहिली पट्टी आली, टायर दबला. पट्टी ओलांडली आणि चाक उचललं गेलं. टायर आणि डांबर यांच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतोय. त्याच वेळी डिस्ककडे लक्ष द्या. चाक हवेत असतानाच डिस्क थबकली आणि लगेच पुन्हा फिरायला लागली.

खऱ्या वेगात हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. चालवणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. हाताला लिव्हर थरथरल्यासारखी वाटते आणि गाडी क्षणभर मोकळी सुटल्यासारखी पुढे जाते. मग तो गॅरेजमध्ये येऊन सांगतो की एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बिघडलंय, ब्रेक लागत नाही. काही जण तर सरळ एबीएसचा फ्यूजच काढून टाकतात. तो फ्यूज काढू नका, हे सांगण्यासाठी हा व्हिडिओ केला आहे. पण नुसतं सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून आधी आत काय चालतं ते बघू.

[दृश्य: गॅरेजचं टेबल. भंगारातलं एबीएस युनिट खोललेलं. मेस्त्रींचे हात.]

डिस्कच्या आतल्या बाजूला ही खाचांची रिंग दिसते का? तिच्यासमोर, जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर, हा सेन्सर बसतो. प्रत्येक खाच समोरून गेली की त्याला कळतं. एका सेकंदात किती खाचा गेल्या, यावरून चाक किती वेगात फिरतंय ते युनिटला समजतं. गाडीचा वेग किती असावा याचा अंदाज युनिट चाकांच्याच वेगावरून बांधतं. त्या अंदाजापेक्षा चाक फारच हळू फिरायला लागलं, की ते लॉक होण्याच्या बेतात आहे असं धरलं जातं.

मेस्त्रींनी बोटाने दाखवलेल्या या दोन बारीक व्हॉल्व्हवर सगळा खेळ आहे. पहिला बंद झाला की तुमच्या लिव्हरचा दाब कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत, पोहोचायचा थांबतो. दुसरा उघडला की कॅलिपरमधला दाब उतरतो आणि पॅड डिस्कवरची पकड सैल करतात. चाक पुन्हा फिरू लागलं की दाब परत चढवला जातो, पण एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. उतरलेलं ब्रेक ऑइल हा छोटा पंप मागे ढकलतो. लिव्हरमध्ये जाणवणारी थरथर ती हीच.

टायर पूर्ण लॉक झाला की घसरतो आणि त्याची दिशेवरची पकड जाते. चांगल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त पकड मिळते ती टायर थोडासाच, साधारण १० ते २० टक्के, घसरत असताना. तेवढ्यातच त्याला धरून ठेवायचं, हे या युनिटचं काम. १९७८ साली मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने ते मोटरसायकलवर आणलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं.

[दृश्य: पुन्हा रंबलर. तेच चाक, आणखी हळू.]

आता तोच शॉट पुन्हा बघू. ब्रेकची ताकद चाकावर किती वजन पडलंय त्यावर ठरते. पट्टीवर चढताना वजन वाढतं, उतरताना कमी होतं, आणि चाक उचललं गेलं की शून्य. इथे पॅड डिस्कला घट्ट धरून आहेत, पण चाकाला फिरवत ठेवणारा रस्ताच खाली नाही. अशा वेळी चाक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत थांबू शकतं. सेन्सरला एवढंच दिसतं की चाक थांबायला आलंय. ते हवेत आहे की शेवाळावर, हे त्याला कळायला मार्ग नाही. युनिट नियमाप्रमाणे दाब सोडतं. इतक्यात चाक खाली आपटतं. रस्ता मिळाला, वजन मिळालं, पण दाब अजून परत चढतोय. ताशी ४० ला गाडी दर सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक हलका झाल्यासारखा वाटतो तो या वेळात.

हेच चाक एबीएसशिवाय असतं, तर हवेत लॉक होऊन लॉक झालेलंच खाली आलं असतं. सरळ रस्त्यावर कदाचित निभावलं असतं. पण हँडल जरा जरी वळलेलं असेल तर पुढचं चाक खालून निघून जातं.

[दृश्य: ताम्हिणीकडचा उखडलेला पट्टा. ड्रोन, मग जमिनीलगतचा कॅमेरा.]

एकच खड्डा असेल तर गोष्ट लवकर संपते. खरी परीक्षा अशा रस्त्यावर होते, जिथे गाड्या जाऊन जाऊन पत्र्याच्या छपरासारख्या वळ्या पडल्या आहेत. दोन वळ्यांमधलं अंतर समजा ८० सेंटिमीटर. ताशी ४० ला चाकाला सेकंदाला १४ दणके बसतात. स्प्रिंगखाली लटकलेलं चाक स्वतःहून ज्या गतीने उड्या मारतं, ती गतीही साधारण सेकंदाला १० ते १५ अशीच असते. दोन्ही जुळल्या की चाक रस्त्यावर कमी आणि हवेत जास्त राहतं. एबीएस एक चक्र पुरं करतं न करतं, तोवर पुढची वळी आलेली असते. वेग थोडा कमी केला की ही जुळणी मोडते. म्हणून अशा पट्ट्यावर ताशी १० किलोमीटरचा फरकही हाताला लगेच जाणवतो.

आणि ही बाजूची सुटी खडी. इथे एबीएस हरतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लॉक झालेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग जमवतं आणि त्या ढिगामुळे गाडी लवकर थांबते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे ढीग जमत नाही. म्हणून तर चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या ३९० अॅडव्हेंचर मोटरसायकलला ऑफरोड मोड आहे. त्यात मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं, पुढचं चालू राहतं. पुढचं का ठेवलं, हे आधीच्या शॉटमध्ये आपण पाहिलंच.

[दृश्य: जुन्या बातम्यांची कात्रणं. प्रियस कार.]

खडबडीत रस्त्यावरच्या या हलकेपणाने जगातल्या मोठ्या कंपनीलाही दखल घ्यायला लावली आहे. ९ फेब्रुवारी २०१० रोजी टोयोटाने प्रियस आणि आणखी काही हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. जगभरात मिळून चार लाखांहून अधिक. तक्रार हीच होती, खड्ड्यावरून किंवा निसरड्यावरून हळू ब्रेक लावताना गाडी क्षणभर सुटल्यासारखी वाटते. हायब्रिडमध्ये मोटरचा ब्रेक आणि ऑइलचा ब्रेक दोन्ही असतात, आणि एबीएस चालू होताना काम एकाकडून दुसऱ्याकडे जातं. कंपनीने एकही पॅड बदलला नाही, एबीएसचं सॉफ्टवेअर बदललं.

ग्राहकांना जे वाटलं ते खरं होतं. आपल्या गॅरेजमध्ये येणाऱ्यालाही जे वाटतं ते खरंच असतं. चुकतो तो पुढचा निष्कर्ष.

[दृश्य: गॅरेज. गाडी स्टँडवर. मेस्त्री चिमटा दाबून बघतात.]

मेस्त्री एबीएसला हात लावायच्या आधी काय करतात, ते बघा. पुढचा ब्रेक धरून ते चिमटा जोरात खाली दाबतात आणि सोडतात. चांगला चिमटा एकदा वर येतो आणि थांबतो. हा वर येऊन पुन्हा झुलतोय. सीलजवळ काळं, चिकट ऑइल बोटाला लागलं. चिमट्यातलं ऑइल कमी झालंय, म्हणजे दणक्यानंतर चाकाला दाबून खाली धरणारंच कुणी उरलं नाही. मागचा शॉकअपही असाच गेला असेल तर चाक प्रत्येक पट्टीवर दुप्पट नाचतं आणि एबीएस प्रत्येक नाचाला दाब सोडतं. टायरमध्ये हवा प्रमाणाबाहेर भरली तरी हेच. सेन्सर आणि रिंगमध्ये चिखल वाळून बसला असेल तर युनिटला चाकाचा वेगच चुकीचा कळतो. तो एका ओल्या फडक्याने निघतो.

सिंगल चॅनल गाडी असेल तर हेही लक्षात ठेवा, मागच्या चाकाला एबीएस नाही. खडबडीत जागी मागचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक लॉक होणारच.

[दृश्य: घाटातलं वळण. वाकलेलं क्रॅश बॅरिअर.]

चाक असं नाचत राहिलं की थांबायचं अंतर वाढतं, आणि घाटात जास्तीचे तीन-चार मीटर नसतात.

[दृश्य: गतिरोधक, मोजपट्टी लावलेला.]

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे चाक त्यावर चढून उतरेल. हा किती अरुंद आहे ते मोजपट्टीवर दिसतंय. त्याच्या अगदी तोंडाशी रंबलर मारलेत. जिथे ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, तिथेच चाक रस्त्यावरून उचलून ठेवायची ही व्यवस्था आहे. रंबलर इशाऱ्यासाठी असतात, तेव्हा ते बरेच आधी हवेत आणि त्यांच्यानंतर ब्रेक धरायला सपाट डांबर हवं. ठेकेदाराला आणि त्याचं काम तपासणाऱ्याला हे विचारायला हवं.

तोवर आपल्या हातात आहे ते एवढं. पट्ट्या दिसल्या की पहिल्या पट्टीच्या आधीच, सपाट रस्त्यावर वेग उतरवायचा. पट्टीवर लिव्हर थरथरली तर घाबरून सोडायची नाही, सोडून पुन्हा दाबायचीही नाही, धरून ठेवायची. दाब परत चढवायचं काम युनिट आपल्यापेक्षा लवकर करतं.

[दृश्य: फ्यूज बॉक्स. मीटरवरचा एबीएसचा दिवा.]

मेस्त्रींनी चिमट्याचे सील आणि ऑइल बदललं, रिंग पुसली, काढून ठेवलेला फ्यूज परत बसवला. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो, तो लागायलाच हवा. गाडी थोडी पुढे गेली की तो विझतो. विझला नाही तर खरा बिघाड आहे, आणि मग युनिट तपासायला द्या.