प्रेम-रहस्यकथेतलं खलपात्र

मित्रहो, निव्वळ रहस्यकथेत खलपात्राने गुन्हा केला आणि शेवटपर्यंत हुलकावण्या दिल्या की त्याचं काम संपतं. प्रेमकथा आणि रहस्य एकत्र नांदतात तिथे एवढ्यावर भागत नाही. तिथे त्याच्या प्रत्येक चालीने नायक-नायिकेमधला विश्वास हलला पाहिजे. तो हलत नसेल तर प्रेम एकीकडे आणि खून दुसरीकडे अशी कथा उसवते. पुष्कळ हस्तलिखितं नेमकी इथेच फसतात.

डाफ्ने द्यू मोरिए यांची १९३८ची 'रिबेका' ही कादंबरी बघा. मिसेस डॅनव्हर्स ही मॅन्डर्ली वाड्याची कारभारीण. रिबेका, म्हणजे मालकाची पहिली, आता हयात नसलेली बायको, लहान असल्यापासून डॅनव्हर्सने तिला सांभाळलेलं. घरातली प्रत्येक रीत डॅनव्हर्सला पाठ, मालकाच्या नव्या बायकोला मात्र काहीच ठाऊक नाही. वाड्यावर वेषांतराचा नाच ठरतो, तेव्हा डॅनव्हर्स सुचवते की भिंतीवरच्या जुन्या चित्रातल्या बाईसारखा पोशाख करा. सल्ला आपुलकीचा वाटतो. नवी बायको नटूनथटून जिना उतरते आणि नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडतो, कारण रिबेकाने आधीच्या नाचाला हाच पोशाख केला होता. तो चिडून तिला कपडे बदलायला पाठवतो. हिची खात्री पटते की याचं मन अजून रिबेकातच आहे.

कोणाला साधा ओरखडाही उठला नाही, पण संसार मोडायला आला. डॅनव्हर्सने ही शंका नव्याने पेरलेली नाही. ‘मी तिच्या जागी शोभत नाही’ हे त्या मुलीच्या मनात होतंच, तिने त्याला खतपाणी घातलं. आणि हे सगळं ती रिबेकावरच्या मायेपोटी करते. म्हणूनच पुढे ती त्या मुलीला खिडकीतून उडी मारायला सुचवते, तेव्हा ते ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. ‘तो वेडा होता’ किंवा ‘लहानपणी त्याला फार मारलं होतं’ अशी कारणं शेवटच्या प्रकरणात चिकटवणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावं.

लिहायला बसण्याआधी तीन रकान्यांचा तक्ता करा. खलपात्राने कोणत्या तारखेला काय केलं, नायिकेला त्यातलं काय दिसलं, आणि त्यामुळे नायकाबद्दल तिचं मत कसं बदललं. कथेच्या आधीचे दोन-तीन महिनेही त्यात घ्या. तिसरा रकाना लागोपाठ तीन ओळी रिकामा राहिला तर ते प्रसंग काढा किंवा नव्याने रचा. याच तक्त्यात नायिकेच्या घराची किल्ली खलपात्राला कुठून मिळाली, नायिका घरी नाही हे कसं कळलं, हेही नोंदवा. तिने कुलूप बदललं तर त्याचा बेत फसला पाहिजे. काहीही झालं तरी पुरून उरणाऱ्या माणसाची भीती वाटेनाशी होते.

नायकावरही संशय यावा, पण त्याला खलपात्राची सवय लावू नका. दोघांनाही तिचं ‘नाही’ ऐकू द्या, शक्यतो कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात. एक थांबतो, दुसरा अधिक गोड होऊन पुन्हा विचारतो. पाठलाग करणारा नायक लिहून त्याला प्रेम म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास अडचण. खलपात्राच्या तोंडून एखादं छोटं प्रकरण द्यायचंय, पण तो पुरुष की बाई हे लपवायचंय. ‘मी जिन्यात थांबलो’ लिहिलंत की निम्मे संशयित सुटले. ‘ती व्यक्ती थांबली’ हे पोलिसी पंचनाम्यासारखं वाटतं. त्यापेक्षा प्रथमपुरुषात राहा आणि क्रियापदाचं लिंग कर्माप्रमाणे चालू द्या: ‘मी दार उघडलं’, ‘मी तिचा फोन पाहिला’. जिथे कर्म नाही तिथे ‘मला थांबावं लागलं’, ‘मला हसू आलं’. भविष्यकाळ तर बिनधोक आहे: ‘मी उद्या येईन.’ ‘म्हणालो’ आणि ‘म्हणाले’ दोन्ही टाळून ‘म्हटलं’ वापरा. विसरणे, शिकणे, बोलणे या क्रियापदांपासून सावध राहा. कर्म असूनही ती ‘मी चावी विसरलो’ अशी बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतात. वर्तमानकाळातही तोच धोका, ‘मी वाट पाहतोय’ म्हटलं की संपलं. असं प्रकरण तीनशे-चारशे शब्दांपलीकडे नेऊ नका, त्यापुढे ही कसरत वाचकाच्या लक्षात येते.