जिउ जित्सूमधून एमएमएमध्ये: खरी अडचण पंचची नाही

फेब्रुवारी 2021, यूएफसी 258. यूएफसी म्हणजे एमएमएची स्पर्धा, जिथे मारणं, पाडणं आणि जमिनीवरची झुंज सगळं चालतं. एका बाजूला रोडोल्फो व्हिएरा. जिउ जित्सूच्या, म्हणजे जमिनीवर पकडून गळा किंवा सांधा आवळत हार मानायला लावायच्या खेळाच्या, जागतिक स्पर्धा अनेकदा जिंकलेला, एडीसीसी या ग्रॅपलिंगच्या (फक्त पकडीच्या झुंजीच्या) स्पर्धेचाही विजेता. समोर अँथनी हर्नांडेझ, ज्याच्या बाजूने पैज लावायला फारसं कुणी तयार नव्हतं. पहिल्या राउंडमध्ये व्हिएराने त्याला खाली पाडलं, सबमिशनच्या (हार मानायला लावणाऱ्या डावाच्या) जवळ गेला. हर्नांडेझ निसटला आणि उठला. थोड्याच वेळात व्हिएराचे हात खाली आले, श्वास तोंडाने चालू झाला. दुसऱ्या राउंडमध्ये गिलोटिन चोक (समोरून मान काखेत धरून गळा आवळणं) लागला. आणि तो लावला हर्नांडेझने!

नमस्कार मंडळी. जिउ जित्सूवाला एमएमएमध्ये हरला की लोक लगेच म्हणतात, "त्याला पंच मारता येत नाहीत." मला हे निदान अर्धवट वाटतं. व्हिएरा काही पंच खाऊन हरला नाही, तो स्वतःच्याच खेळात हरला. म्हणून आज बॉक्सिंगबद्दल थोडं आणि ग्राउंडबद्दल जास्त बोलणार आहे. मॅटवर (जिउ जित्सूच्या गादीवर) आपण ज्या गोष्टींना सरावतो, त्यांतल्या बऱ्याच केजमध्ये (एमएमएच्या जाळीच्या रिंगणात) आपल्यावरच उलटतात.

इतिहास थोडक्यात. 12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली आणि जिउ जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने एकाच रात्रीत तिघांना हरवलं, कारण जमिनीवर काय चाललंय हे समोरच्यांना कळतच नव्हतं. मे 2006 मध्ये यूएफसी 60 ला मॅट ह्यूजने त्याच रॉयसला पहिल्याच राउंडमध्ये संपवलं. ह्यूज कुस्तीतून आलेला, पण तोवर जिउ जित्सू शिकून बसलेला.

आजचं चित्र त्याही पुढचं आहे. तुमच्या समोरच्याला जिउ जित्सूमध्ये तुम्हाला हरवायचंच नसतं. त्याला फक्त वीस सेकंद टिकून उठायचं असतं. तेवढं शिकायला ब्लॅक बेल्ट लागत नाही.

[स्क्रीनवर: एका बाजूला स्पर्धेची मॅट, दुसऱ्या बाजूला केज]

आता घड्याळाकडे या. आयबीजेजेएफ या जिउ जित्सू संघटनेच्या स्पर्धेत ब्लॅक बेल्टची मॅच सलग 10 मिनिटांची असते. चौथ्या मिनिटाला समोरच्याची पाठ मिळाली (मागून पकड बसली), तर हातात सहा मिनिटं उरतात. निवांत ग्रिप बदला, पुन्हा प्रयत्न करा. एमएमएमध्ये राउंड 5 मिनिटांचा. चार मिनिटं पन्नास सेकंदांना माउंट (समोरच्याच्या छातीवर बसायची जागा) मिळाला, बेल वाजली, की दोघेही आपापल्या कोपऱ्यात. एक मिनिटाची विश्रांती, आणि पुढचा राउंड पुन्हा उभ्याने. म्हणजे कमावलेली पोझिशन दर पाच मिनिटांनी परत करावी लागते. तीन राउंडची फाइट असेल तर तीन वेळा शून्यापासून पाडायची तयारी हवी. ही दमछाक जिउ जित्सूच्या दमछाकीपेक्षा वेगळी असते. रोज तासभर रोलिंग (सरावाची झुंज) करणारा माणूस इथे सहा मिनिटांत का संपतो, ते यातून कळतं. पाडण्यात जी ताकद जाते, ती मॅटवर त्याने कधी खर्चच केलेली नसते.

कारण मॅटवर पाडायची गरज किती पडते? समोरच्याची पकड घेतली, खाली बसलो, गार्ड ओढला (पाठीवर जाऊन समोरच्याला आपल्या पायांत घेतलं), झालं. त्यासाठी गुण जात नाहीत. स्वीप केला (खालून त्याला उलटवून वर आलो) तर उलट दोन गुण मिळतात. त्यामुळे पाठीवर पडून राहणं हा आपला आरामाचा कोपरा होऊन बसतो. माझ्या मते सगळं पाणी इथेच मुरतंय. एमएमएमध्ये आधी मोडायची सवय कुठली, तर ही.

का, ते बघा. पंच असलेल्या खेळात तळाशी असलेल्या माणसावर गुरुत्वाकर्षणही समोरच्याच्या बाजूने काम करतं. वरच्याच्या पंचमागे आणि कोपरामागे अख्खं शरीर असतं, खालच्याच्या पंचमागे फक्त हात. जजही बघतात ते कुणाच्या माऱ्याचा आणि ग्रॅपलिंगचा परिणाम जास्त झाला ते. तुम्ही खालून तीन सुंदर हल्ले केलेत, तिन्ही सुटले आणि दरम्यान चार कोपरं खाल्लीत, तर राउंड गेला. क्रॉन ग्रेसी 2013 चा एडीसीसी विजेता. त्याच्या सबमिशनबद्दल शंका घेण्याची माझी लायकी नाही. पण मे 2023 मध्ये चार्ल्स जोर्डेनसमोर तो गार्ड ओढत राहिला आणि निकाल विरोधात गेला. डिसेंबर 2024 मध्ये ब्राइस मिचेलने वरून कोपरं मारून त्याला तिसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट केलं.

आता कुणीतरी म्हणेल, मग वेर्डुमचं काय? बरोबर. जून 2010, फॅब्रिसिओ वेर्डुमने फेडोर एमेलियानेन्कोला 69 सेकंदांत गार्डमधूनच अडकवलं. पण ती फाइट पुन्हा बघा. वेर्डुम खाली पडल्यावर फेडोर स्वतः त्याच्या गार्डमध्ये उडी घेऊन आला. समोरचा आत येतो तेव्हा गार्ड भयानक हत्यार आहे. तो दोन पावलं मागे सरकून "उठ" म्हणतो, तेव्हा तुमचा गार्ड हवेत राहतो.

मग गार्ड फेकून द्यायचा का? नाही, त्याचं काम बदलायचं. खाली गेलात की पहिलं काम समोरच्याचं डोकं आणि मनगटं धरून त्याला सरळ बसू न देणं. तो सरळ बसला की मारा सुरू. दुसरं काम उठणं. फ्रेम लावा (हातांचा टेकू देऊन अंतर ठेवा), कंबर सरकवा, अंडरहूक काढा (समोरच्याच्या काखेखालून हात घाला), केजला पाठ टेकवून वर या. केजची जाळी बोटांनी धरायला बंदी आहे, पण पाठ टेकवून चढायला कुणी अडवत नाही. सबमिशनचा धोका दाखवायचा तो समोरच्याने जागा सोडावी म्हणून. लागलं तर उत्तमच.

हाफ गार्डची (समोरच्याचा एकच पाय आपल्या पायांत असतो, त्या गार्डची) एक खोड वेगळी सांगतो. दोन्ही हात समोरच्याच्या पायाभोवती गुंडाळून डीप हाफमध्ये घुसायचं आणि विचार करायचा. मॅटवर ही विश्रांतीची जागा. इथे तुमचे दोन्ही हात खाली अडकलेत आणि त्याचे दोन्ही मोकळे आहेत. विचार करायला वेळ तो देईल का?

आता उभ्याने. जिउ जित्सूवाल्याला दोन पल्ले कळतात, एकदम लांब आणि एकदम चिकटलेला. मधला, जिथे पंच लागतो, तो पल्ला त्याला परका. म्हणून तो लांबून डोकं खाली घालून पट काढायला (पाय धरून पाडायला) धावतो आणि गुडघ्याला भेटतो. नोव्हेंबर 2024 पासून यूएफसीत वरून सरळ खाली मारलेलं कोपरही चालतं. म्हणजे पाय धरून केजला डोकं टेकवून थांबणं आणखी महाग झालं. डोक्याची मागची बाजू अजूनही वर्ज्य आहे, पण बाजूला लागलेलं कोपर पुरेसं असतं.

बॉक्सिंग शिकायचं ते मुख्यतः यासाठी. जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) दाखवून समोरच्याचे हात वर आणायचे आणि मग खाली जायचं. जिउ जित्सूवाल्या डेमियन मायाचं उदाहरण मला नेहमी आवडतं. बॉक्सर म्हणून तो कधीच धोकादायक नव्हता. ऑगस्ट 2016 मध्ये त्याने कार्लोस कॉन्डिटला एक मिनिट बावन्न सेकंदांत चोक केलं, जवळपास पंच न खाता. त्याची साखळी ठरलेली: एकेरी पट, तो नाही मिळाला तर हाफ गार्ड, तिथून वर येऊन पुन्हा पाय, मग पाठ. एक प्रयत्न फसला की पुढचा त्यातूनच निघायचा. आणि जुलै 2017 मध्ये टायरन वुडलीसमोर? पाच राउंड, एकही टेकडाऊन नाही. वुडलीने स्प्रॉल केलं (पाय मागे फेकून पट अडवला) आणि तो त्याच्यासोबत खाली गेलाच नाही. मायाचं जिउ जित्सू वर्षभरात खराब झालं नव्हतं, त्याला ते सुरूच करता आलं नाही.

लेग लॉकबद्दल (पायाचा सांधा पिळणाऱ्या डावांबद्दल) झटपट. मार्च 2022, गॅरी टोनन विरुद्ध थान ले. टोनन पायांवर गेला, लेने वरून पंच मारले, 56 सेकंदांत फाइट संपली. टोनन त्या कलेतल्या सर्वोत्तमांपैकी एक आहे. पाय धरताना तुमचे हात समोरच्याच्या टाचेपाशी असतात, तुमच्या चेहऱ्यापाशी नाहीत. एवढं लक्षात ठेवून मग ठरवा.

ग्लव्ह्ज साधारण चार औंसांचे असतात, बोटं मोकळी, पण हनुवटीखालून हात सरकवताना ती गादी अडते. त्यात घाम. गी (जिउ जित्सूचा जाड पोशाख) घालून शिकलेली अर्धी नियंत्रणं नाहीशी होतात. कॉलर नाही, बाही नाही. म्हणून पाठ मिळाली की बॉडी ट्रँगल (पायांनी समोरच्याचं धड आवळणं) आणि मनगट आधी, गळा नंतर.

आणि तरीही हे जमतं, जमलेल्यांची नावं आहेत. चार्ल्स ओलिव्हेराकडे यूएफसीत सर्वाधिक सबमिशनचा विक्रम आहे, आणि मे 2021 मध्ये त्याने किताब जिंकला तो मायकेल चँडलरला नॉकआउट करून. हा विरोधाभास नाही. ओलिव्हेरा खाली पडला तर त्याच्यामागे जमिनीवर जायला लोक घाबरतात, म्हणून तो उभ्याने बिनधास्त मारतो. लाथ पकडली जाईल, तोल जाईल, ही भीतीच त्याला नाही. जिउ जित्सूचा हा फायदा क्वचितच कुणी सांगतं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी माझं मत असं. जोरदार स्पारिंगला पहिल्याच आठवड्यात उभे राहू नका, डोक्यावर खाल्लेला मार परत करता येत नाही. आधी रोजचंच रोलिंग छोटे ग्लव्ह्ज घालून, वरच्याला हलके फटके मारायची मुभा देऊन करा. कुठली पोझिशन खोटी होती ते चेहऱ्यालाच कळेल. मग पाच मिनिटांचा राउंड लावा: सुरुवात उभ्याने, भिंतीपाशी, जोडीदाराचं एकच काम, उठणं. तो उठला की पुन्हा पाडा. सबमिशन शोधू नका. पहिली हौशी फाइट घ्याल तेव्हा नियमपत्रक आधी मागा. बऱ्याच ठिकाणी हौशी गटात कोपर आणि हील हूक (टाच धरून पाय पिळणारा डाव) चालत नाहीत, आणि तुमचा आवडता डाव त्यातच निघू शकतो.

पुढच्या व्हिडिओत भिंतीला पाठ लावून उठायचं कसं, ते जोडीदाराला घेऊन सावकाश दाखवतो. मॅट आणि एक रिकामी भिंत तयार ठेवा.