रिपोर्ट येईपर्यंत कळा थांबत नाहीत

इबोलाच्या साथीतील सिएरा लिओनच्या प्रसविका : माहितीपटाचे निवेदन

[नकाशा : पश्चिम आफ्रिका. सिएरा लिओनच्या पूर्वेकडील केनेमा शहर.]

केनेमाचे सरकारी रुग्णालय लासा तापाच्या उपचारांसाठी अनेक वर्षांपासून ओळखले जाते. उंदरांपासून माणसाला होणारा हा ताप त्या भागाच्या चांगल्याच परिचयाचा आहे. त्यात रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून तेथे स्वतंत्र कक्ष, प्रयोगशाळा आणि सरावलेल्या परिचारिका होत्या. मे २०१४ च्या अखेरीस गर्भपातानंतर दाखल झालेल्या एका तरुणीचे रक्त याच ठिकाणी तपासले गेले आणि प्रयोगशाळेने निश्चित केलेली ती देशातील इबोलाची पहिली रुग्ण ठरली. ती बरी झाली. सिएरा लिओनमधल्या साथीची पहिली नोंद अशी एका गर्भपाताची आहे, आणि तरीही पुढे कित्येक महिने साथीचे बहुतेक आराखडे जणू गरोदर बायका त्या देशात राहतच नाहीत अशा थाटात आखले गेले.

लासा कक्षाच्या मुख्य परिचारिका मबालू फॉनी यांच्याइतका रक्तस्रावी तापाच्या शुश्रूषेचा अनुभव त्या देशात फार थोड्यांना असेल. इबोला झालेल्या आपल्याच एका गरोदर सहकारी परिचारिकेची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि जुलै २०१४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २८ ऑगस्टला ‘सायन्स’ या नियतकालिकात या विषाणूच्या जनुकीय रचनेवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलाने दगावलेले होते. त्यांत लासा कक्षाचे प्रमुख डॉक्टर शेख हुमर खान होते, तशा फॉनीही होत्या. देशातील सर्वांत सज्ज म्हणावे अशा ठिकाणची ही अवस्था होती. खेड्यापाड्यांतील आरोग्यकेंद्रांचा विचार करताना हे ध्यानात ठेवावे लागेल.

[दृश्य : रिकामा प्रसूतिकक्ष. टेबल, बादली, कंदील.]

इबोलाचा विषाणू रुग्णाच्या रक्तातून, उलटी-जुलाबांतून आणि शरीरातील इतर स्रावांतून पसरतो. त्यामुळे साथीच्या काळात देशभर एकच संदेश दिला जात होता : अंगाला अंग लावू नका. हस्तांदोलन थांबले, आजाऱ्याला कवटाळणे थांबले, प्रेताला आंघोळ घालण्यास मनाई झाली. बाळंतपणात मात्र अंतर राखण्याची सोयच नसते. पाणमोट फुटते, रक्त जाते, वार पडते, नाळ कापावी लागते, आणि ठणठणीत बाईच्या सुखरूप बाळंतपणातही हे सारे घडतेच. त्यातून संशयित रुग्ण ओळखण्याच्या निकषांत ताप, पोटदुखी, अशक्तपणा आणि कारण न कळणारा रक्तस्राव ही लक्षणे होती. त्यामुळे दिवस भरण्याआधीच वार सुटल्याने रक्त जाणारी, गर्भपात अर्धवट राहिलेली किंवा गर्भाशयातील जंतुसंसर्गाने फणफणलेली बाई दारातच इबोलाची संशयित ठरत असे. साथ भरात असताना रक्ताच्या नमुन्याचा निकाल हाती यायला कित्येकदा दिवस लागत. प्रसूतीनंतरचा जबर रक्तस्राव आवरला नाही, तर बाई दोन तासांतही दगावू शकते. या दोन वेळापत्रकांच्या मध्ये प्रसविका उभी होती.

पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. गरोदरपणात इबोलातून बरी झालेल्या बाईच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तरी तो गर्भजलात आणि वारेत टिकून राहू शकतो. अशी बाई धडधाकट दिसते, तिच्याकडे बरे झाल्याचा कागदही असतो, आणि तिच्या बाळंतपणात प्रसविकेला धोका असतो. म्हणून ‘आधी रुग्ण ओळखा आणि मग खबरदारी घ्या’ हा क्रम येथे चालत नाही. प्रत्येक बाळंतपणात तितकीच खबरदारी घेणे, एवढाच मार्ग उरतो.

[जवळून दृश्य : हातमोज्यांची जोडी.]

ही खबरदारी नेमकी कशाने घ्यायची, ते हातमोज्यावरून कळते. तपासणीचा नेहमीचा हातमोजा मनगटाशी संपतो. वार आतच अडकली आणि रक्त थांबेना, तर प्रसविकेला गर्भपिशवीत हात घालून ती सोडवावी लागते. त्या वेळी तिचा अर्धा हात रक्ताने माखतो. या कामासाठी कोपरापर्यंतचे लांब हातमोजे असतात. ते नसतील तेथे एक जुनी युक्ती शिकवली जाते : एका मोज्याची बोटे कापून टाकायची, उरलेला भाग बाहीसारखा हातावर वर सरकवायचा आणि त्यावर दुसरा अखंड मोजा चढवायचा. युक्ती चांगली आहे, पण त्यासाठी एका हाताला दोन मोजे लागतात, आणि अनेक केंद्रांत पुरेसे साधे मोजेही नव्हते.

संपूर्ण संरक्षक पोशाख आला की अडचणींचे स्वरूप बदलते. डोके आणि कान झाकले गेल्यावर स्टेथोस्कोप लावता येत नाही, आणि पोटाला कान देऊन बाळाचे ठोके ऐकण्याची लाकडी नळीही निरुपयोगी होते. चष्म्यावर वाफ साचते, त्यामुळे रक्त किती गेले याचा अंदाज चुकतो. तेथील उकाड्यात हा पोशाख अंगावर तासभर ठेवणे हीच कमाल, आणि पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास चालतात. पोशाख घालण्यापेक्षा उतरवणे अधिक धोक्याचे असते. एकेक थर काढताना दर वेळी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायचे आणि एका सहकाऱ्याने समोर उभे राहून प्रत्येक हालचालीवर नजर ठेवायची, अशी पद्धत आहे. जेथे एकटीच प्रसविका रात्रपाळीला असते, तेथे हा सहकारी आणायचा कोठून, याचे उत्तर प्रशिक्षणाच्या कागदांत सापडत नाही.

[दृश्य : खेड्यातील आरोग्यकेंद्र.]

सिएरा लिओनच्या खेड्यांत बाळंतपणे प्रामुख्याने माता-बाल आरोग्य साहाय्यिका करतात. आपल्याकडील उपकेंद्राच्या सिस्टर डोळ्यांपुढे आणल्या, तर त्यांच्या कामाची कल्पना येईल. एप्रिल २०१० पासून तेथे गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुले यांच्यासाठी उपचार मोफत झाले होते आणि बाया बाळंतपणासाठी केंद्रात येऊ लागल्या होत्या. साथीने ही घडी विस्कटली. केंद्रात गेले तर इबोला होईल, अशी धास्ती बायकांना होती. समोरच्या बाईमुळे आपल्याला होईल, ही भीती साहाय्यिकांना होती. दोघींचीही भीती निराधार नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अहवालानुसार आरोग्य कर्मचाऱ्यांना लागण होण्याचे प्रमाण इतर प्रौढांच्या तुलनेत २१ ते ३२ पट होते, आणि त्यांत निम्म्याहून अधिक परिचारिका आणि त्यांच्या मदतनीस होत्या. सिएरा लिओनने या साथीत आपले सुमारे ७ टक्के डॉक्टर, परिचारिका आणि प्रसविका गमावल्या.

प्रसूतीसाठी दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांची संख्या ११ टक्क्यांनी, तर प्रसूतिपूर्व तपासण्यांची संख्या १८ टक्क्यांनी घटल्याचे एका अभ्यासात आढळले. ज्या आल्या त्यांच्यातही मातामृत्यूचे प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने, अगदी हात राखून केलेल्या अंदाजानुसार, २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत सेवा कोलमडल्यामुळे झालेले माता, नवजात अर्भके आणि मृतजन्म मिळून सुमारे ३,६०० जास्तीचे मृत्यू मोजले. त्या देशात खुद्द इबोलाने ३,९५६ माणसे दगावली. साथीच्या रोजच्या आकडेवारीत यांतला दुसरा आकडा तेवढा दिसत होता.

प्रसविकांची तयारी मोजायची झाली की किती जणींना प्रशिक्षण दिले, हा प्रश्न पहिला विचारला जातो. त्याचे उत्तर हजेरीपटावरून मिळते, म्हणून तो सोयीचा आहे. अनेक केंद्रांत नळाला पाणी नव्हते. क्लोरीनचे द्रावण हात धुण्यासाठी ०.०५ टक्के आणि पृष्ठभाग पुसण्यासाठी ०.५ टक्के, हे पाठ असलेल्या बाईला ते कालवण्यासाठी पाण्याची कळशी डोक्यावरून आणावी लागत असेल, तर तिची तयारी कशात धरायची? जोखीम भत्ता थकल्याने साथीच्या ऐन भरात कर्मचाऱ्यांनी संपही केले. बाहेरून पाहणाऱ्यांपैकी काहींना ते कर्तव्यात कसूर करणे वाटले. ज्यांना विटाळल्यासारखे शेजाऱ्यांनी दूर ठेवले होते, त्यांच्याकडून फुकट शौर्याची अपेक्षा धरणेही काही फार सभ्यपणाचे नव्हते.

[दृश्य : लसीच्या बाटल्या, शीतपेटी.]

सिएरा लिओन ७ नोव्हेंबर २०१५ रोजी इबोलामुक्त घोषित झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये काँगोच्या पूर्व भागात मोठी साथ उसळली तेव्हा हाताशी लस आली होती, पण सुरुवातीला गरोदर बायकांना ती नाकारण्यात आली. तो निर्णय २०१९ मध्ये बदलला. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची स्वतंत्र इबोला मार्गदर्शिका फेब्रुवारी २०२० मध्ये निघाली, तोवर चीनबाहेर कोरोना पोहोचला होता.

मग महाराष्ट्रासह भारतात अनेक ठिकाणी कळा देणाऱ्या बायकांकडे आधी कोरोनाचा रिपोर्ट मागितला जाऊ लागला. चाचणी झालेली नाही या कारणाने प्रसूतीसह कोणतीही तातडीची प्रक्रिया लांबवू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आपल्या चाचणीविषयक धोरणात १८ मे २०२० रोजी लेखी नमूद केले. टाळेबंदी सुरू होऊन तेव्हा जवळपास ८ आठवडे झाले होते.