मापून झाल्यावर एक मूठ

नमस्कार श्रोतेहो. एप्रिलचं ऊन तापलंय. गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरून गहू पसरलेले दिसायला लागलेत. आज बेगमीबद्दल बोलायचंय. पण वर्षाचं धान्य एकदम भरायला ज्यांच्या हाती पैसे नसतात, त्या घरांच्या बेगमीबद्दल.

माझं लहानपण मुंबईत, लालबागच्या चाळीत गेलं. एक खोली, सहा माणसं, वडील कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात. आई दोन्ही वेळा भाताचे तांदूळ मापून घ्यायची आणि मग त्यातलीच एक मूठ काढून माळ्याखालच्या डालडाच्या डब्यात टाकायची. मापून झाल्यावर, बरं का, आधी नाही. भुकेचा अंदाज आधीच घेतलेला असायचा. सहा ताटांत एका मुठीची तूट कुणाला कळायची नाही. दिवसाच्या दोन मुठी म्हणजे महिन्याला अडीच किलोच्या पुढे तांदूळ. वेगळा पैसा एक नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. महिना-दोन महिन्यांत मिटेल, असं सगळे म्हणत होते. पावसाळा आला तरी मिटला नाही. तोवर वाण्याची वही भरली होती, आणि एके दिवशी मी पिशवी घेऊन गेले तर त्याने ती रिकामीच परत दिली. मी नऊ वर्षांची होते. रडत घरी आले. आई काही बोलली नाही. तिने डबा पुढे ओढला. एक नाही, दोन डबे भरलेले होते. रात्री पेज, सकाळी भात, भाताचं पाणीसुद्धा फेकायचं नाही, जोडीला रेशनचे गहू. असा तो तांदूळ दीड महिना पुरला. तेवढ्या अवधीत आईला मसाल्याच्या बाजारात मिरच्यांची देठं खुडायचं काम मिळालं. रात्री तिचे हात आगीसारखे जळायचे.

त्याच दिवसांत शेजारच्या काकू पदराआड वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. आईने मापटं भरलं, शीग लावून. वडील बघत होते. काही म्हणाले नाहीत. पुढे काकू गावी, रत्नागिरीकडे गेल्या त्या कायमच्या. दुसऱ्या वर्षी दिवाळीत एसटीने आलेल्या कुणाबरोबर त्यांनी उकड्या तांदळाची पिशवी पाठवली. आईने त्यातली पहिली मूठ डब्यात टाकली. संपातसुद्धा तिने हे थांबवलं नव्हतं. मुठीची चिमूट झाली होती, एवढंच.

उकड्या तांदळावरून सांगते, मुलांना तो खाऊ घाला. पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळाचा सोस आपल्याला कुठून लागला, कळत नाही. कोंडा गुरांना आणि नुसता पांढरा दाणा आपल्याला, हा व्यवहार मला पटलेला नाही.

असो, वेळ थोडा उरलाय. सगळं एकदम भरू नका. महिन्याला एक जिन्नस, तोही त्याच्या हंगामात. तूरडाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू आत्ता, मिरची पावसाच्या आधी. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला आठ किलो गहू लागतात. तुमच्या घरात किती लागतात ते दोन महिने लिहून काढा आणि मगच पोतं उचला. रवा, बेसन, शेंगदाणे, सुकं खोबरं स्वस्त दिसलं तरी साठवू नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रव्यात जाळी होते, खोबरं खवट होतं. तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवा. गव्हात कडुलिंबाचा पाला घालाल तो पूर्ण वाळलेला असू द्या. आणि उन्हातून आणलेलं धान्य गार झाल्यावर भरा. पुन्हा सांगते, गार झाल्यावर. गरम भरलंत तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि तिथूनच बुरशी लागते. जुना साठा वर, नवा खाली. आई एक डबा रिकामा झाल्याशिवाय दुसऱ्याचं झाकण उघडायची नाही.

उद्या ऊन आहे तोवर डबे घासून गच्चीवर उपडे घाला. नमस्कार.