ओहोटीला दिसणारी गोदी

विजयदुर्गला आलेली गाडी थांबते ती थेट किल्ल्यापाशी. तटबंदी बघायची, फोटो काढायचे आणि परतायचं. आम्हीही आधी दोनदा तेच केलं होतं. या वेळी किल्ल्याकडे पाठ केली आणि होडीने वाघोटन खाडीत आत शिरलो.

साधारण तीन किलोमीटरवर, दक्षिण काठाला, गिर्ये गाव. इथे मराठा आरमाराची गोदी आहे. लोक तिला आंगऱ्यांची गोदी म्हणतात.

"सुकतीक चला, नायतर काय दिसाचा नाय," होडीवाल्या काकांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं. पाणी उतरलं तशी खडकाची कड वर आली. कडेला कालवं चिकटलेली, हात लावला तर कापेल अशी. लांबी साडेतीनशे फुटांच्या घरात, रुंदी सव्वादोनशेच्या आसपास. खडक फोडून केलेलं हे काम.

अशा गोदीत निम्मं काम समुद्रच करतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला गलबत आत घ्यायचं, टेकू द्यायचे, की ओहोटीला त्याचा तळ उघडा पडतो. मग सुतारांनी हात चालवायचा. फळ्या बदलायच्या, सांध्यांत कापूस ठोकून भरायचा. पुढच्या उधाणाला गलबत पुन्हा तरंगतं.

इथल्या खाड्यांना शोभतील अशीच ही जहाजं होती. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, समोर मारा करणाऱ्या तोफांची. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजांचं अवजड जहाज जागीच डोलत राही. आणि गलबतं? ती वल्ही मारत गुराबांना ओढून नेत.

फेब्रुवारी 1756. खाडीच्या तोंडाशी ॲडमिरल वॉटसनचा ताफा, जमिनीवर क्लाइव्हची फौज. तेव्हा विजयदुर्ग तुळाजी आंगऱ्यांकडे होता आणि त्यांच्याविरुद्ध इंग्रजांच्या जोडीला होते खुद्द पेशवे. हे वाक्य वाचताना आजही घशात अडकतं. एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. जहाज मूळचं ईस्ट इंडिया कंपनीचंच, आंगऱ्यांनी जिंकलेलं. त्याची आग शेजारच्या गुराबांना लागली आणि पाहता पाहता सगळं आरमार पेटलं.

त्याच वर्षी किल्ला पेशव्यांच्या ताब्यात आला. पुढे विजयदुर्गच्या सुभ्याचं आरमार धुळपांनी सांभाळलं. 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी रत्नागिरीजवळ कंपनीचं 'रेंजर' पकडलं. म्हणजे सत्तावीस वर्षांत इथे पुन्हा लढणारं आरमार उभं राहिलं होतं. 1818 ला तेही संपलं.

किल्ल्यावरच्या लढाया आपल्याला पाठ असतात. या खडकावर घण घालणाऱ्यांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

पायाखालचा चिखल ओला व्हायला लागलाय. मघाशी हात लावलेली कालवं पाण्याखाली गेली. काका होडीतून हाक मारतायत, "चला आता, पाणी चढता हा!"